गुडघा दुखावला, तर शिष्यवृत्तीचे काय?

कॅडेट मित्रांनो, महाविद्यालयांनी खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी का? या बाबतीत अमेरिकेचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९५६ मध्ये क्रीडा शिष्यवृत्तीला रीतसर मान्यता दिली. १९७३ मध्ये मात्र नियम बदलला. शिष्यवृत्ती एकाच वर्षाची झाली. पुढे द्यायची की नाही, हे दरवर्षी ठरू लागले. त्यामुळे गुडघा दुखावला किंवा खेळ घसरला, की मैदानाबरोबर वर्गही सुटण्याची भीती निर्माण झाली. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळाली, ती २०१२ पासून. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे मात्र क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथे घरची परिस्थिती पाहून मदत मिळते.

माझ्या मते शिष्यवृत्ती जरूर द्यावी. रोज पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाचे शिक्षण पैशांवाचून अडू नये. पण एकदा दिली, की त्याने अभ्यास सांभाळावा आणि महाविद्यालयाने पदवीपर्यंत साथ द्यावी.

जखमी साथीदाराला मागे सोडायचे नाही, हे आपण शिकतोच. मग महाविद्यालयाने तरी का सोडावे?