ड्रायर कधी ओरडतो, ते आधी ऐका

वऱ्हाडात ड्रायरची आठवण झडीत होते. मे महिन्यात मोर्शीचा पारा पंचेचाळीसला टेकला की गच्चीवरची चादर तासाभरात कडक वाळते. तेव्हा ड्रायर लावायचा कोणी? मग जुलै येतो, झड लागते, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाची पातळी रोज पेपरात छापून येऊ लागते आणि दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास सुटतो. उन्हाळाभर मागच्या टिनाच्या शेडखाली तापत उभ्या असलेल्या मशीनचा ड्रायर आपण त्या दिवशी गच्च भरतो आणि बटण फिरवतो. पुष्कळ घरांतली घरघर अशीच सुरू होते. आमच्याकडेही तशीच झाली.

ड्रायर म्हणजे आपल्याकडच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला उजव्या हाताचा छोटा ड्रम. तो कपडे तापवत नाही, गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो. मिनिटाला साधारण तेराशे फेरे घेणारी ही वस्तू प्लास्टिकच्या डब्यात, पाण्याच्या शेजारी आणि विजेच्या डोक्यावर बसवलेली असते. म्हणून तिचा आवाज नुसता कटकटीचा म्हणून सोडून देऊ नये. आणि आवाज आला की मोटरच गेली, असेही धरून चालू नये. आमच्या घरी या दुसऱ्या समजुतीपायी एक चांगली मोटर वाया गेली.

पहिल्या पावसात ड्रायर भर वेगात आला की किर्र असा आवाज काढू लागला. मेकॅनिकला बोलावले. त्याने मशीन सुरू केली, कान दिला, बंद केली आणि निर्णय दिला, "मोटर गेली ताई, नवीन टाका लागते." मोटर बदलली, आवाज थांबला. पोळ्याच्या आसपास तोच आवाज तसाच परत आला. फोन केला तर उत्तरही तेच, मोटर. या वेळी आम्ही जुनी काढलेली मोटर घेऊन संत्र्याच्या बागांचे पंप रिवाइंडिंग करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात असे हात पुष्कळ, कारण इथली बाग विहीर आणि बोअरच्या मोटरींवरच जगते. त्यांनी मोटरचा दांडा बोटाने फिरवला, वरच्या बाजूचा तांबूस गंज नखाने खरवडून दाखवला आणि म्हणाले, "बाई, हे जळाली नाही, बुडाली. वरतून पाणी येऊन रायलं, अन् तुम्ही खालची मोटर बदलून रायल्या."

घरी येऊन मशीनची पिन काढली, मागचे पॅनल उघडले आणि ड्रायरमध्ये मगभर पाणी ओतले. नळीतून ते मोरीत जायला हवे होते. गेलेही, पण थोडे थेंब थेट मोटरवर पडले. ड्रमचा दांडा जिथून खाली मोटरकडे येतो तिथे रबराचे एक सील असते, दुकानात त्याला ड्रायर सील किंवा बेलो म्हणतात. ते चिरले होते. शे-दीडशे रुपयांच्या रबराने एक मोटर खाल्ली होती आणि दुसरी खायला घेतली होती.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली, तीच जास्त घाबरवणारी होती. ड्रायरचे झाकण उचलले की वीज तुटावी म्हणून वर एक छोटा स्विच असतो. दुरुस्तीच्या वेळी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळून ठेवली होती. या धंद्यात त्याला "डायरेक्ट करणे" म्हणतात. झाकण उघडले तरी ड्रम पूर्ण वेगात फिरत राहायचा. ओल्या साडीचा पदर, ओढणी, बांगड्या किंवा पोराचा हात, यातले काहीही त्यात अडकले असते.

हे सगळे निस्तरताना एक साधी पद्धत हाती लागली. आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो, हे पाहावे. सुरू होताना, भर वेगात की थांबताना? या एका प्रश्नावर निम्मे निदान होते.

सुरू होताना धडधड होऊन वेग आल्यावर ती शांत होत असेल, तर घाबरू नका. स्प्रिंगांवर बसवलेल्या प्रत्येक यंत्राचा एक झुलण्याचा वेग असतो. ड्रम तो वेग ओलांडताना थोडा हलणारच. थांबताना पुन्हा तेच होते. ही धडधड वाढत गेली आणि मशीन जागेवरून सरकू लागली, तर आधी कपडे पाहा. ड्रमच्या एका बाजूला 200 ग्रॅम वजन जास्त झाले, तर तेराशे फेऱ्यांना ते ड्रमला जवळपास 45 किलोच्या जोराने बाहेर ओढते. एकटी जीन्स, एकटा टॉवेल किंवा एका बाजूला कोंबलेली चादर एवढे सहज करते. कपडे गोल पसरून तळाशी दाबावेत आणि वर ती प्लास्टिकची चकती न विसरता बसवावी. बऱ्याच घरांत ही चकती पहिल्या वर्षीच हरवते आणि मग बाहेर उडालेला मोजा ड्रमच्या खाली जाऊन बसतो. त्यानंतर मशीनचे चारही पाय जमिनीला टेकतात का ते पाहा. शहाबादी फरशीच्या उताराच्या मोरीत ते सहसा टेकत नाहीत. एवढे करूनही हादरे राहिले, तर मोटरखालच्या स्प्रिंगा किंवा त्यांचे रबर गेलेले असते. हाताने ड्रम हलवून सोडला की तो एका बाजूला झुकून राहतो, ही त्याची खूण.

भर वेगात अखंड किर्र किंवा घरघर येत असेल, तर सीलमधला बुश कोरडा झाला आहे किंवा मोटरच्या बेअरिंगला पाणी लागले आहे. आमचा आवाज हाच. यात वर सांगितलेली मगभर पाण्याची परीक्षा आधी करा. पाणी गळत असताना मोटर बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणे.

प्रत्येक फेऱ्याला खर्र-खर्र असा ठेका धरून आवाज आला, तर काहीतरी घासते आहे. बहुतेक वेळा तो ब्रेक असतो. झाकण बंद केले की एक बारीक तार ताणली जाते आणि ब्रेकचा गुटका चाकापासून सुटतो. तार सैल पडली की गुटका अर्धवट टेकून राहतो. झाकण पूर्ण बंद असताना, पिन काढून, ड्रमखालचे चाक मागून हाताने फिरवा. मोकळे फिरले पाहिजे. अडत असेल तर तार एका खाचेने ओढून घ्यावी लागते. पण ती इतकीही ओढू नये की झाकण उघडल्यावर ब्रेक लागणारच नाही. झाकण उघडल्यावर ड्रम काही सेकंदांत थांबतो का, हे शेवटी पाहायचेच.

मध्येच खडखड, टणटण झाले की नाणे, हेअरपिन, ब्लाऊजचा हूक किंवा पॅन्टची चेन ड्रमच्या खाली गेली आहे. हे दुर्लक्षित करू नका, कारण पिनेचे टोक खाली जाऊन सीलच चिरते आणि मग आमची कथा तुमच्याकडे सुरू होते. थांबताना मात्र चीं असा आवाज येऊन लगेच बंद होत असेल, तर ब्रेक ओला किंवा घासलेला आहे. त्याची घाई नाही, पण नोंद ठेवा.

आणि नुसते हूं करून ड्रम फिरतच नसेल, तर बटण ताबडतोब बंद करा. कंडेन्सर गेला आहे, ब्रेक अडकला आहे किंवा संध्याकाळचे व्होल्टेज फार पडले आहे. पुष्कळ जण अशा वेळी ड्रमला हाताने झटका देतात आणि तो सुरूही होतो. हा झटका कोणीही देऊ नये. हात आत असताना मोटरने वेग घेतला, तर तो मागे घ्यायला सवड मिळत नाही.

आता घरी किती करायचे आणि कुठे थांबायचे. मशीन वॉरंटीत असेल तर स्क्रूलाही हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा. वॉरंटी संपली असेल, तर कपड्यांचा तोल, पाय, चकती, अडकलेली वस्तू, ब्रेकची तार आणि सील एवढे घरात होऊ शकते. सील बदलण्यासाठी पिन काढून मागचे पॅनल उघडायचे. उघडण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, वायर कुठून कुठे गेली ते नंतर आठवत नाही. ड्रमचा दांडा खालच्या ब्रेकच्या चाकात बोल्टने आवळलेला असतो. बहुधा 10 नंबरचा पाना लागतो. बोल्ट सैल केले की ड्रम वरून उचलून येतो आणि त्याच्या खाली सील दिसते. जुने सील दुकानात नेऊन त्याच मापाचे आणा. दिसायला सारखी पण दांड्याच्या जाडीत वेगळी अशी बरीच सील असतात. नवे बसवण्याआधी बैठकीची जागा आणि दांडा पुसून कोरडे करा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तिथे चढलेला असतो, तो ठेवला तर नवे रबर नीट बसत नाही. ड्रम परत बसवताना बोल्टचे टोक दांड्याच्या खाचेत गेले पाहिजे. सगळे बोल्ट थोडे थोडे करून सारखे आवळा. मग ड्रम हाताने फिरवून पाहा, पुन्हा मगभर पाणी ओतून खाली कोरडे राहते का पाहा, पॅनल लावा आणि त्यानंतरच पिन लावा.

कंडेन्सर, मोटरची वायरिंग आणि टायमर यांना मात्र घरच्यांनी हात घालू नये. पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कोरड्या मातीतून वीज नीट जमिनीत उतरत नाही. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आवाजाचे नंतर पाहा, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. न्हाणीघराच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवला असेल तर वीज गळताच तो लाइन तोडतो. एका मोटरच्या पैशात तो सहज येतो.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये किंवा अमेरिकेत मुलाकडे गेलेल्यांच्या पाहण्यात येतो तो गरम हवेचा ड्रायर, तो वेगळा. त्यात ड्रम पट्ट्यावर आणि छोट्या चाकांवर फिरतो. ही चाके झिजली की धपधप येते, पट्ट्याची पुली कोरडी झाली की किंचाळी. पण तिथला मोठा शत्रू कपड्यांचा कापूस, म्हणजे जाळीत साठणारे तंतू. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 या काळाच्या अहवालात घरांतल्या ड्रायरच्या आगींचा आकडा वर्षाला सुमारे 2,900 आहे आणि सफाई न करणे हे त्यातले पहिले कारण आहे. तिथे प्रत्येक वेळी जाळी साफ करावी. गॅसवर चालणारा ड्रायर असेल, तर मागचे झाकण उघडण्याचा विचारही करू नये.

मेकॅनिक बोलावणार असाल तर त्याच्याशी बोलायचे कसे, हेही सांगते. "मशीन आवाज करते" एवढेच म्हटले की समोरचा अंदाजाने बोलतो. "भर वेगात किर्र येते, सुरू होताना नाही, खाली पाणी गळते" असे सांगितले की त्याला तपासावेच लागते. मोटर बदलायला सांगितली तर विचारा, गेली कशाने? पाणी कुठून आले? उत्तर नसेल तर थांबा. बदललेला जुना भाग मागून घ्या, बिल घ्या, त्यावर नव्या भागाची वॉरंटी लिहून घ्या. आमच्याकडे जुनी मोटर राहिली म्हणूनच खरे कारण सापडले. दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टलही सुरू केले आहे. त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळते.

आणि पुढच्या झडीआधीची तयारी. उन्हाळ्यात मशीन टिनाखाली तापत ठेवू नका, रबर कडक होऊन चिरते. तिथेच ठेवणे भाग असेल, तर जुनी चादर टाका आणि आठवड्यातून एकदा दोन मिनिटे ड्रायर रिकामा फिरवा, म्हणजे बुश अडकत नाही. खालचा भाग जाळीने बंद करा, उंदीर वायर कुरतडतात. मृग लागायच्या आत मगभर पाण्याची परीक्षा करून घ्या.

वाचून झाल्यावर एक काम मात्र आजच करा. रिकामा ड्रायर सुरू करून झाकण उचला, हात लांब ठेवा. ड्रम थांबला नाही, तर तो स्विच डायरेक्ट केलेला आहे किंवा ब्रेक गेलेला आहे. तो नीट होईपर्यंत ड्रायर वापरू नका. कपडे एक दिवस उशिरा वाळले तरी चालतील.