फुटलेला नाही, हे आधी ऐक

अगं, रिपोर्ट साड्यांच्या घडीखाली ठेवलास आणि घरात 'चक्कर आली होती, बाकी काही नाही' म्हणालीस, हे मला काल कळलं. रागावत नाही. तुझं पुढचंही मला पाठ आहे: बागेची छाटणी उरकू दे, मग खंडेरावांची यात्रा, मग बघू. पण आता जरा माझं ऐक.

तुझ्या मेंदूतल्या मधल्या धमनीला चार मिलिमीटरचा फुगवटा आहे. मेंदूत फुगा म्हटलं की हातपाय गळतात, मला कळतं. पण तो फुटलेला नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं. शंभरातल्या साधारण तिघांना असा फुगवटा असतो, बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. म्हणून उद्याच टेबलावर झोप असं मी म्हणत नाही. मात्र न्यूरोसर्जनला दाखवायचंच.

लहान असेल तर काही वेळा नुसती नजर ठेवतात, ठराविक काळाने स्कॅन करून. दुसरं म्हणजे क्लिप. कवटी उघडून फुगवटा धमनीला जिथे चिकटलाय तिथेच चिमटा लावतात. ऐकायला भयंकर, पण एकदा नीट बसला की सहसा पुन्हा बघावं लागत नाही. तिसरं कॉइल: जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. डोकं उघडत नाहीत, घरी लवकर येता येतं, पण पुढची काही वर्षं तपासत राहावं लागतं. काहींना धमनीतच जाळीची नळी बसवतात, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कित्येक महिने न चुकता घ्याव्या लागतात. मधल्या धमनीच्या फाट्यावर पुष्कळदा क्लिप सोयीची ठरते, म्हणून बिनटाक्याचं तेच चांगलं असं आधीच ठरवून जाऊ नकोस. किरणांनी जातं असं जाऊबाई म्हणाल्या ना? ते रक्तवाहिन्यांच्या गुंत्यासाठी, तुझ्या फुगवट्यासाठी नाही.

डॉक्टरांना सरळ विचार: माझा फुटण्याचा धोका किती, उपचाराचा किती, आणि अशा केसेस तुम्ही वर्षाला किती करता? शेवटचं विचारायला लाजू नकोस. मोठी मावशी डोकं धरून बसली आणि तासाभरात गेली, तेही सांग. खिडकीतली मिश्रीची डबी आजच फेक. तंबाखूने रक्तदाब चढतो आणि तुझा तसाही वरच असतो.

खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेट, तुझा उपचार महात्मा फुले योजनेत कुठल्या रुग्णालयात होतो ते तो सांगेल. ज्यांच्या नावाची ही योजना, त्या जोतीरावांना 1888 मध्ये अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. डॉ. विश्राम रामजी घोले औषधोपचार करत होते, पण मेंदूतल्या धमनीपर्यंत पोचायची सोयच तेव्हा नव्हती. जिवंत माणसाच्या त्या धमन्यांचं चित्र पहिल्यांदा निघालं ते 1927 साली, पोर्तुगालमध्ये. आज ती सोय नाशिकला, तासाभराच्या आत आहे, आणि तू रिपोर्ट साड्यांखाली ठेवतेस!

एक मात्र जावईबापूंनाही सांगून ठेव. कधी वीज पडावी तसं डोकं क्षणात दुखलं, उलटी झाली, मान आखडली, पापणी खाली आली, तर पित्ताची गोळी नाही, अॅस्पिरिन तर मुळीच नाही. लगेच 108 लावायचा. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन रात्रीही असतील असं नाशिकचं रुग्णालय आत्ताच विचारून ठेवा. त्या घटकेला शोधाशोध नको.

मी सोमवारी सकाळच्या गाडीने येते. एमआरआयची सीडी काढून ठेव, नुसत्या कागदावर डॉक्टरांचं भागत नाही.