संशय आणि व्यवसाय : इंग्रजी चिठ्ठीतील ‘मे’, ‘माइट’ व ‘मस्ट’

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वादमार्गाची पदे सांगताना आचार्यांनी ‘संशय’ हे स्वतंत्र पद मानले आहे. आयुष्मान पुरुषाची लक्षणे असणारे व नसणारे, चिकित्सा घेणारे व न घेणारे असे सर्वच प्रकारचे पुरुष अल्पायुषीही आढळतात आणि दीर्घायुषीही. मग अकालमृत्यू आहे की नाही, असा तेथील दृष्टांत आहे. पुढे थोड्याच अंतरावर ‘व्यवसाय’ म्हणजे निश्चय हे पद येते : हा व्याधी वातिकच, याचे औषध हेच. संशयाला व निश्चयाला वेगळी नावे देणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. परंतु रुग्णाला अन्य रुग्णालयात पाठविताना इंग्रजीत चार ओळी लिहिण्याची वेळ आली, की हा भेद आपल्या लेखणीतून निसटतो. आमच्याही निसटला होता. म्हणून हा लेख.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मधुमेहाची एक वृद्ध रुग्णा अत्यंत ग्लानीच्या अवस्थेत आमच्याकडे आणली गेली. श्वास जलद, तोंड कोरडे, रक्तशर्करा फारच वाढलेली. घरच्यांशी बोलताना असे दिसले, की गेले काही दिवस बाईंनी इन्सुलिन घेतले नसावे. आम्ही तत्काळ शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि तीत वाक्य घातले : ‘शी मे नॉट टेक इन्सुलिन.’ आमच्या मनातील अर्थ होता, ‘इन्सुलिन घेत नसावी.’ तेथील तरुण निवासी डॉक्टरांनी अर्थ घेतला, ‘हिने इन्सुलिन घेऊ नये.’ वैद्याने इन्सुलिन बंद केले, असे समजून त्यांनी नातेवाइकांना खडसावले. नातेवाईक आमच्यावर संतापले. आणि इन्सुलिन बंद करायला सांगितले कोणी, याच वादात बराच वेळ गेला. रुग्णा बरी होऊन घरी आली, हे तिचे भाग्य. ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वाचली, तेव्हा दोष वाचणाऱ्याचा नव्हता, हे मान्य करावे लागले.

‘मे’ या शब्दाची आपली ओळख शाळेतील ‘मे आय कम इन’ पासूनची, म्हणजे परवानगीची. आपण देतो त्या तंदुरुस्तीच्या दाखल्यातही ‘मे रिझ्यूम ड्यूटी’ याचा अर्थ कामावर रुजू होण्यास हरकत नाही, असाच आहे. हाच शब्द संभाव्यताही दाखवितो. मग कोठे कोणता अर्थ घ्यावयाचा? येथे एक खूण उपयोगी पडते. पुढे ‘बी’ किंवा ‘हॅव’ यांसारखे स्थितिवाचक क्रियापद आले, तर बहुधा संभाव्यता : ‘शी मे बी अॅनिमिक’, पांडू असू शकेल. पुढे ‘टेक’, ‘ईट’, ‘गो’ असे कृतिवाचक क्रियापद आले, तर परवानगीचा अर्थ डोकावतो आणि ‘नॉट’ जोडताच तो निषेध होऊन बसतो. आमचे वाक्य नेमके याच खड्ड्यात पडले. तेथे लिहावयास हवे होते, ‘शी माइट नॉट हॅव टेकन हर इन्सुलिन फॉर सम डेज.’ ‘माइट नॉट’ निषेध म्हणून सहसा वाचले जात नाही. ‘हॅव’ व क्रियापदाचे तिसरे रूप आले, की बोलणे भूतकाळाविषयी आहे, हेही स्पष्ट होते.

‘मस्ट’ची कथा अशीच आहे. ‘द पेशन्ट मस्ट टेक रेस्ट’ ही आज्ञा. ‘द पेशन्ट मस्ट हॅव अ किडनी स्टोन’ हे अनुमान. मराठीत आपण किती सहजपणे पायऱ्या चढतो पाहा : मूतखडा असू शकेल, मूतखडा असेल, मूतखडा असावा, मूतखडाच असणार. पहिल्या पायरीला ‘माइट’ किंवा ‘कुड’, दुसरीला ‘मे’, शेवटचीला ‘मस्ट’ बरोबर बसतो. अडचण ‘असावा’ची आहे. ‘मे’ने तो दुबळा होतो आणि ‘मस्ट’ने अकारण बळावतो. आमच्या मते तेथे साहाय्यक क्रियापदाचा हट्ट सोडावा आणि सरळ ‘प्रॉबेबली हॅज’ लिहावे. सोनोग्राफीचा अहवाल हाती असेल, तर मात्र ‘मस्ट हॅव’ लिहिणे चूक. तेथे निव्वळ ‘हॅज’. ‘मस्ट’ कितीही ठाम वाटला, तरी तो अनुमानप्रमाणाचा शब्द आहे, प्रत्यक्षाचा नव्हे. ‘हॅज’ त्याहून बलवान आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नकाराकडे वळताना आणखी एक सावधगिरी. ‘मूतखडा असणे शक्य नाही’ यासाठी ‘मस्ट नॉट हॅव’ लिहू नये. अनुमानाच्या ‘मस्ट’चा नकार ‘कान्ट’ असा होतो. औपचारिक पत्रात ‘कॅनॉट’. आणि ‘मे नॉट हॅव’ म्हणजे ‘नसेलही’. रोग नाकारलेला नाही. ‘कॅनॉट हॅव’ म्हणजे रोग नाकारला. चिठ्ठी वाचून पुढील तपासण्या करावयाच्या की नाहीत, हे ठरविणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने या दोहोंत फार अंतर आहे.

‘कॅन’ व ‘मे’ यांची गल्लत तर नित्याची. द्रव्याचा सामान्य स्वभाव सांगताना ‘कॅन’ वापरावा : अशोधित वत्सनाभ हृदयाची गती बिघडवू शकतो, म्हणजे ‘कॅन डिस्टर्ब द हार्ट ऱ्हिदम’. परंतु समोरच्या रुग्णाची नाडी विषम झाली असेल आणि कारण वत्सनाभ असल्याची शंका असेल, तर ‘मे बी ड्यू टू’ किंवा ‘कुड बी ड्यू टू’. ‘इट कॅन बी अपेन्डिसायटिस’ असे चिठ्ठीत पुष्कळदा दिसते. ‘इट कुड बी’ हवे. याउलट ‘कुड हॅव’ जपून वापरावा. ‘द पेशन्ट कुड हॅव डाइड’ म्हणजे मरू शकला असता, पण वाचला. ‘द पेशन्ट मे हॅव डाइड’ म्हणजे मेला असेल, आम्हास ठाऊक नाही. एका शब्दाने माणूस जिवंत राहतो वा संशयात जातो.

आता नियतकालिकांकडे येणाऱ्या रुग्णवृत्तांविषयी. कामलेचा एक रुग्ण, तीन आठवडे औषध, बिलिरुबिन उतरले. आणि शेवटी वाक्य येते, ‘धिस केस प्रूव्ह्ज’. एका रुग्णाने काही सिद्ध होत नाही. शिवाय हिपॅटायटिस ए हा व्याधी बहुतेकांत आपोआप निवळतो, हे आपणास ठाऊक असते. म्हणून प्रामाणिक वाक्य असे : ‘द इम्प्रूव्हमेंट मे हॅव बीन ड्यू टू द ट्रीटमेंट; इट कुड ऑल्सो हॅव बीन द नॅचरल कोर्स ऑफ द डिसीज.’ असे लिहिल्याने आयुर्वेदाला कमीपणा येतो, असे काही ज्येष्ठ मानतात. आम्हास ते पटत नाही. परीक्षक अशाच वाक्यावर विश्वास ठेवतो. मात्र दुसरे टोकही टाळावे. ‘इट मे पॉसिब्ली बी सजेस्टेड दॅट इट माइट हेल्प’ या वाक्यात चार वेळा माघार आहे आणि विधान एकही उरलेले नाही. एका वाक्यास एक संशयवाचक शब्द पुरे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी एक गोष्ट ठामपणे सांगावयाची आहे. जाहिरातीत ‘क्युअर्स डायबेटीस’ ऐवजी ‘मे क्युअर’ किंवा ‘मे हेल्प इन डायबेटीस’ लिहिले की कायदा शिवत नाही, अशी एक समजूत बाजारात आहे. ती खोटी आहे. 1954 चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा क्रियापदाचा जोर मोजत नाही. अनुसूचीतील व्याधींसाठी ते औषध वापरावे, असे सुचविणारी शब्दयोजनाच तो निषिद्ध ठरवितो. आणि त्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू हे व्याधी आहेत. ‘मे’ लिहिणे हेही सुचविणेच होय. कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ आले की बंधन आणि ‘मे’ आले की सामान्यतः अधिकाऱ्याचा विवेक, हेही परवान्याच्या अटी वाचताना ध्यानी ठेवावे. वत्सनाभासारखी अनुसूची ई(1) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पावर ‘कॉशन : टु बी टेकन अंडर मेडिकल सुपरव्हिजन’ ही सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. तेथे ‘शुड’ घालून ती मवाळ करण्याची मुभा नाही.

औषधाच्या दुष्परिणामाचा अहवाल भरताना आपल्यातील अनेकांचा हात अडतो, कारण तो गुन्ह्याच्या कबुलीसारखा वाटतो. वस्तुतः त्या नमुन्यातच ‘सस्पेक्टेड’ हा शब्द आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत कार्यकारणसंबंधाच्या ‘सर्टन’, ‘प्रॉबेबल’, ‘पॉसिबल’, ‘अनलाइकली’ अशा पायऱ्या असून, माहिती अपुरी असल्यास आणखी दोन वर्ग आहेत. 1981 च्या नारान्जो मापनात गुणांवरून हेच ठरते : 9 वा अधिक ‘डेफिनिट’, 5 ते 8 ‘प्रॉबेबल’, 1 ते 4 ‘पॉसिबल’, त्याखाली ‘डाउटफुल’. पायरी ठरविण्याचे काम तज्ज्ञ मंडळी करतील. आपण वर्णनात ‘द रॅश मे हॅव बीन कॉज्ड बाय द मेडिसिन’ एवढे लिहावे आणि त्यालगत औषध केव्हा सुरू केले, पुरळ केव्हा उठले, औषध थांबविल्यावर ते किती दिवसांनी मावळले आणि रुग्ण त्याच काळात आणखी कोणती औषधे घेत होता, या चारही गोष्टी तारखांसह नोंदवाव्यात.