लिनक्समध्ये लॅपटॉपचा कीबोर्ड बंद? पार्ट मागवण्याआधी ही तपासणी करा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कीबोर्ड न चालणारा लॅपटॉप टेबलावर घेतला होता. व्हिडिओत हात भराभर चालतात, कारणं सांगायची राहून जातात, म्हणून हा लेख. कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठं करून दाखवलं आहे, तिथूनच बघून टाइप करा. इथे आपण कोणत्या पायरीवर काय समजतं एवढंच बघू.

हा विषय आत्ताच का घेतला? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुनी मशीन विंडोज ११ घेत नाही, पण चांगली चालते. असे लॅपटॉप घेऊन त्यात लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून विकणं हा छोट्या गावातल्या दुकानासाठी सरळ धंदा आहे. आपल्या खाप्यात, सावनेरात, पारशिवनीत ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांना, किराणा दुकानाच्या हिशोबाला, मुलांच्या अभ्यासाला तेवढं पुरतं. पण दिलेल्या मशीनचा कीबोर्ड आठ दिवसांनी बंद पडला की गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं लिनक्स खराब आहे." आणि कारागीर म्हणतो, "कीबोर्ड गेला, बदलावा लागेल." पुष्कळदा दोघंही चुकीचे असतात.

पैशाचं गणित आधी बघा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड स्क्रूने बसवलेला नसतो, वरच्या बॉडीला प्लास्टिकच्या वितळवलेल्या रिव्हेटने चिकटवलेला असतो. तो काढायचा म्हणजे पूर्ण मशीन उघडा, मदरबोर्ड बाहेर काढा, रिव्हेट तोडा, नवीन बसवा. पार्ट आणायला बर्डीवर जाण्यात अर्धा दिवस गेला तो वेगळा. एवढं करून मशीन चालू केलं आणि नवीन कीबोर्डही मुका, तर पार्टचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक देणार नाही, आणि त्याने देऊही नये. हातमागावर कापड बिघडलं तर विणकर आधी धागा बघतो, माग बदलायला निघत नाही. खाप्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तर पहिली तपासणी, आणि सगळ्यात महत्त्वाची: लिनक्स सुरू व्हायच्या आधी कीबोर्ड चालतो का? मशीन चालू करताना बायोसमध्ये जा. त्यासाठी कंपनीप्रमाणे एफ २, डिलीट किंवा एस्केप दाबावं लागतं. तिथे बाणाच्या कीने वर-खाली जाता येतं का बघा. किंवा ग्रबचा मेनू आणा, तिथेही हेच बघा. ग्रब दिसत नसेल तर नव्या मशीनवर सुरू होताना एस्केप एकदा-दोनदा दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. या जागी लिनक्सचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, कीबोर्ड फर्मवेअर चालवतं. म्हणून इथे कीबोर्ड चालला तर पट्टी, पार्ट, कनेक्टर ठीक आहेत आणि भानगड सॉफ्टवेअरची आहे. इथेही मेला असेल तर लिनक्सला दोष देऊ नका.

तरी तेव्हाही लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. मशीन बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. लॅपटॉपच्या आत कीबोर्ड सांभाळणारा एक छोटा कंट्रोलर असतो, तो कधी कधी अडकून बसतो. या उपायाने तो नव्याने सुरू होतो. फुकटचा उपाय आहे. नाही चालला तर मग उघडा, पट्टी काढून परत बसवा, पाणी किंवा चहा सांडल्याच्या खुणा बघा. चार-पाचच की चालत नसतील, बाकी ठीक असतील, तर तो प्रकार जवळपास नेहमी हार्डवेअरचाच.

आता समजा ग्रबमध्ये कीबोर्ड मस्त चालतो, पण लिनक्स आलं की बंद. कामासाठी यूएसबी कीबोर्ड लावा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हिडिओत हे घाईत निसटलं: यूएसबी कीबोर्ड चालला याचा अर्थ आतल्या कीबोर्डचा ड्रायव्हर ठीक आहे असा होत नाही. दोघांचे रस्ते वेगळे. १९८४ मध्ये आयबीएमने पीसी एटी नावाचा कॉम्प्युटर काढला. त्यात कीबोर्डसाठी इंटेलची ८०४२ नावाची चिप होती. ती चिप आता वेगळी नसते, पण बहुतेक लॅपटॉपचा आतला कीबोर्ड आजही तिच्यासारखाच बोलतो, आणि लिनक्समधल्या ड्रायव्हरचं नावही तेच आहे, आय ८०४२. डिव्हाइसच्या यादीत तुम्हाला "एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड" असं विचित्र नाव दिसेल. तो तुमचा आतला कीबोर्ड. त्यातलं एटी हे त्या जुन्या मशीनचंच.

ड्रायव्हरकडे जाण्याआधी दोन मिनिटं सेटिंगला द्या, कारण निम्म्या "खराब" कीबोर्डचं उत्तर इथेच सापडतं. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर स्लो कीज चालू होऊ शकतं. मग प्रत्येक की थोडा वेळ धरून ठेवल्याशिवाय अक्षर उमटत नाही, आणि माणूस समजतो कीबोर्ड गेला. छोट्या लॅपटॉपवर नमलॉक चालू राहिला तर यू, आय, ओ च्या जागी ४, ५, ६ उमटतात. आणि आपला खास मराठी प्रकार: लेआउट मराठीवर राहिला आणि मशीन लॉक झालं. आता पासवर्ड कितीही बरोबर टाका, तो घेत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर लेआउट बदलून बघा. ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरवर हे फार होतं, कारण तिथे दिवसभर भाषा बदलत असते.

हे सगळं डेस्कटॉपचं की खालचं, हे ओळखायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. आतल्या कीबोर्डने होत नसेल तर यूएसबीने दाबा. काळा टेक्स्ट स्क्रीन येईल. तिथे आतल्या कीबोर्डने अक्षरं उमटली तर ड्रायव्हर निर्दोष आहे, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधा. परत यायला एफ ३ ऐवजी एफ १ किंवा एफ ७ वापरा, मशीनप्रमाणे बदलतं.

तिथेही काही नाही? मग माझी आवडती तपासणी. आतला कीबोर्ड प्रत्येक की दाबल्यावर आणि सोडल्यावर प्रोसेसरला हाक मारतो, याला इंटरप्ट म्हणतात. कीबोर्डची हाक १ नंबरची, जुन्या पद्धतीच्या टचपॅडची १२ नंबरची. लिनक्स या हाका मोजून ठेवतं आणि तो आकडा तुम्ही बघू शकता. व्हिडिओत दाखवलेली फाइल उघडा, १ नंबरच्या ओळीतला आकडा लिहून घ्या, आतल्या कीबोर्डवर दहा-वीस की दाबा, परत बघा. आकडा वाढला तर हाक पोचते आहे, गडबड वरच्या थरात आहे. आकडा जागचा हलला नाही, किंवा ती ओळच नाही, तर लिनक्सला हाक ऐकूच येत नाही. कर्नलच्या मेसेजमध्ये आय ८०४२ शोधलं आणि "नो कंट्रोलर फाउंड" दिसलं, तर त्याला कंट्रोलरच सापडलेला नाही. काही नव्या लॅपटॉपचा कीबोर्ड मात्र आय टू सी या वेगळ्या रस्त्याने जोडलेला असतो, तिथे १ नंबरची ओळ बघून निकाल लावू नका.

हाक ऐकू न येण्याचं खरं उदाहरण २०२२ चं आहे. असूसच्या विवोबुक के ३४०२ झेड ए आणि के ३५०२ झेड ए या मॉडेलवर लिनक्समध्ये आतला कीबोर्ड चालत नव्हता. पार्ट शंभर टक्के ठीक. फर्मवेअरच्या टेबलात लिहिलं होतं की १ नंबरची हाक एका प्रकारच्या सिग्नलने येईल. कर्नल मात्र जुन्या सवयीने ते बाजूला ठेवून दुसऱ्या प्रकारच्या सिग्नलची वाट बघत होतं. दारावरची बेल वाजते आहे आणि आपण फोनकडे बघत बसलोय, तसं. डेव्हलपर्सनी त्या मॉडेलची नावं कर्नलमध्ये घातली, "यांच्या बाबतीत फर्मवेअरचंच ऐका" म्हणून, आणि कीबोर्ड चालू झाला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये अशी आणखी मॉडेल जोडली गेली. कोणी त्या काळात कीबोर्ड बदलला असता तर पैसे पाण्यात.

म्हणून नवीन मशीन असेल तर आधी नवं कर्नल बघा. सगळ्यात सोपं म्हणजे ताज्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बूट करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त कीबोर्ड चालतो का बघायचं. चालला तर मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे, तिथून नवं टाका. उलट प्रकारही होतो: काल चालत होता, अपडेटनंतर बंद. तेव्हा ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचं कर्नल निवडा आणि काम चालू ठेवा.

जुनं मशीन असेल, किंवा झाकण बंद करून उघडल्यावर कीबोर्ड मरत असेल, तर ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक पॅरामीटर जोडा आणि एफ १० ने बूट करा. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, त्यामुळे घाबरू नका. आय ८०४२ चे चार पर्याय मी वापरतो: रीसेट, नोमक्स, नोपीएनपी आणि डम्बकेबीडी. एका वेळी एकच जोडा, नाहीतर कशाने चाललं ते कळणार नाही. डम्बकेबीडी शेवटी, कारण त्यात लिनक्स कीबोर्डकडून फक्त ऐकतं, उलट काही सांगत नाही, म्हणून कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दिव्याची तक्रार घेऊन येतो. जो पर्याय चालला तोच ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये कायमचा लिहा आणि अपडेट ग्रब चालवा. हे दुसरं विसरलं तर बदल लागू होत नाही.

आता दुकानाचं. जॉब कार्डवर एक ओळ छापून घ्या: "ग्रबमध्ये आतला कीबोर्ड चालतो का, हो की नाही." मशीन घेतानाच, गिऱ्हाइकाच्या समोर, हे भरा. एक मिनिट लागतं, आणि पुढे वाद होत नाही. तपासणीचे पैसे वेगळे सांगा आणि तेही आधीच. पॅरामीटर जोडून कीबोर्ड चालू केला म्हणून पार्टचे पैसे लावायचे नाहीत, पण तास गेला त्याचे घ्यायला लाजायचंही नाही. नवीन मुलं इथे अडखळतात, "मी तर काहीच बदललं नाही" म्हणून फुकट देऊन टाकतात. तुम्ही त्याचा पार्टचा खर्च वाचवला आहे, बिलावर "कीबोर्ड तपासणी व ड्रायव्हर सेटिंग" असं स्पष्ट लिहा. कोणतं मॉडेल, कोणतं कर्नल, कोणता पॅरामीटर, हे वहीत नोंदवा. तेच मॉडेल दुसऱ्यांदा आलं की पाच मिनिटांचं काम.

आणि काहीच चाललं नाही, पण फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या आहे असं गिऱ्हाईक असेल, तर दुकानातला एक यूएसबी कीबोर्ड त्याला वापरायला देऊन टाका, डिपॉझिट लिहून घ्या आणि मशीन त्याच्याकडेच राहू द्या. चार दिवसांनी निवांत परत मागवून बघता येतं.