धमन्यांचे आरोग्य : आनुवंशिकता आणि राहणीमान

हृदयविकाराचा झटका अकस्मात येतो; परंतु त्याची पूर्वतयारी धमन्यांच्या भिंतीत कित्येक वर्षे चाललेली असते. ही प्रक्रिया केव्हा सुरू होते, तीत आनुवंशिकतेचा वाटा किती आणि राहणीमानाचा किती, हे प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पुणे शहरात झालेल्या दीर्घकालीन संशोधनाने त्यांवर चांगला प्रकाश टाकला आहे.

भिंत जाड का होते?

धमनीच्या भिंतीचे तीन थर असतात. त्यांपैकी आतील अस्तर व मधला स्नायुमय थर यांची एकत्रित जाडी मानेतील धमनीच्या सोनोग्राफीने मोजता येते. निरोगी तरुणात ती एक मिलिमीटरहून कमी असते. वयानुसार ती थोडी वाढतेच. पण उच्च रक्तदाब, रक्तातील जादा साखर व कोलेस्टेरॉल आणि तंबाखूचा धूर यांमुळे अस्तराला इजा पोहोचून ही वाढ वेगाने होते. पुढे तेथे मेदाचे थर साचतात आणि रक्ताचा मार्ग अरुंद होतो.

पुण्यातील पाहणी

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच जन्मलेल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. जन्मवजनाची नोंद उपलब्ध असलेल्या 477 मुलांची वयाच्या आठव्या वर्षी तपासणी झाली. जन्मतः वजन कमी, परंतु आठव्या वर्षी अंगात चरबी अधिक, अशा मुलांमध्ये विकाराची पूर्वलक्षणे सर्वाधिक आढळली. हे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 357 जणांची एकविसाव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्यात आली. बालपणी ज्यांच्या रक्तात साखर व इन्शुलिन तुलनेने अधिक होते, त्यांच्या मानेतील धमनीची भिंत तारुण्यात अधिक जाड असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसून आले. बालपणीचा स्थूलपणा हिशेबात घेतल्यावरही हा संबंध कायम राहिला.

याच गटाने 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे 3.5 किलोग्रॅम भरले. आपली बालके लहानखुरी व स्नायूंनी कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजेच जनुके आणि राहणीमान यांच्या जोडीला मातेचे पोषण हा तिसरा घटकही विचारात घ्यावा लागतो.

जनुकांचा वाटा

धमनीविकाराचे एकच असे जनुक नाही. क्वचित काही कुटुंबांत एकाच जनुकातील दोषामुळे कोलेस्टेरॉल लहानपणापासून फार वाढलेले असते. तेथे वेळीच औषधोपचार आवश्यक ठरतो. बहुसंख्य लोकांत मात्र अनेक जनुकांचा अल्प अल्प परिणाम एकत्र होतो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या सहकार्याने पुण्यातील रुग्णांचा अभ्यास झाला. टी. सी. एफ. 7 एल. 2 या जनुकाच्या काही प्रकारांचा मधुमेहाशी दृढ संबंध असल्याचे त्यातून 2007 साली दिसून आले. मधुमेह हा धमन्यांचा मोठा शत्रू असल्याने हा शोध येथे प्रस्तुत ठरतो.

परंतु जनुक हे बियाणे मानले, तर राहणीमान ही जमीन होय. मुख्यतः अमेरिका व स्वीडन येथील 55 हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेले एक संशोधन 2016 साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान न करणे, स्थूलपणा टाळणे, नियमित व्यायाम व योग्य आहार या चार गोष्टींपैकी किमान तीन पाळणाऱ्यांत, आनुवंशिक धोका मोठा असूनही, हृदयविकाराचे प्रमाण तशाच धोक्याच्या पण बेफिकीर राहणाऱ्यांपेक्षा जवळजवळ निम्मे आढळले. घराण्यात रोग आहे म्हणून हताश होण्याचे कारण नाही, आणि घराण्यात नाही म्हणून निष्काळजी राहणेही योग्य नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

पुण्यातील संशोधनाचा खरा बोध असा की, प्रतिबंधाचे काम चाळिशीत नव्हे, तर मातेच्या आहारापासून व शाळेपासून सुरू व्हावयास हवे. अंगणवाडीत गर्भवतीच्या व बालकाच्या वजनाची नोंद नियमित व्हावी. कमी वजनाने जन्मलेल्या मुलाला सकस आहार मिळावा. मात्र पुढे ते अवाजवी लठ्ठ होत नाही ना, याकडेही लक्ष असावे. शिक्षकांनी खेळाचा तास अन्य विषयांसाठी वापरू नये. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी पंचायतीने पुढाकार घ्यावा. गावातील मैदान मोकळे राखणे हेही आरोग्याचेच काम आहे.

जनुके बदलणे कोणाच्या हाती नाही. मुलाचे ताट, त्याचे मैदान आणि त्याच्या घरातील हवा मात्र कुटुंब, शाळा व पंचायत यांच्या हाती आहे. आज आठ वर्षांच्या असलेल्या मुलाच्या धमन्या पुढे कशा राहतील, हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून राहील.