विनाचुलीचा खाऊ : सर्व संतांच्या पूर्वसंध्येसाठी

ऑक्टोबर संपत आला की हैदराबादला नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मुलासुनांच्या घरून एक नवा शब्द गावाकडे येतो. तो शब्द म्हणजे 'हॅलोविन'. तेथील काही इंग्रजी शाळांत व मोठ्या वसाहतींत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले भुताखेतांची सोंगे घेतात आणि खाऊ खातात. मग हीच नातवंडे सुटीत गावी येऊन विचारतात, "आजी, आपल्याकडे हॅलोविन नसतो का ग?" आजी बिचारी गोंधळून जाते. सोंगांना हो म्हणावे की नाही, आणि हो म्हटले तर मुलांच्या हाती खायला काय द्यावे, हा तिचा प्रश्न असतो.

या पाठात आपण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू. पण त्याआधी पहिल्याबद्दल थोडे सांगायला हवे.

१. नाव कोठून आले?

'हॅलो' याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ पवित्र जन, म्हणजे संत. सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थान अर्पण केले. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांच्या वेळी १ नोव्हेंबरचा सण दूरवर पसरला. २ नोव्हेंबरला मृत श्रद्धावंतांचे स्मरण करण्याची चाल दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी घालून दिली. म्हणजे ही संध्याकाळ मुळात आपल्याच घरची आहे. भुतांची सोंगे व पोखरलेले भोपळे हा नंतरचा साज होय. आयर्लंडचे लोक पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात ते मोठ्या संख्येने अमेरिकेला गेले. तेथे भोपळा मुबलक मिळे, म्हणून सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

आपल्या कामाची गोष्ट यापुढे आहे. पूर्वी सणाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. त्यामुळे आयर्लंडमधील शेतकरी त्या संध्याकाळी मुलांपुढे काय ठेवीत? नुकतीच उतरवलेली सफरचंदे आणि नुकतेच गोळा केलेले कवचाचे दाणे! इंग्लंडच्या काही भागांत तर या रात्रीला दाणे फोडण्याची रात्र असेच म्हणत. शेतात जे पिकले तेच ताटात आले. दुकानातून आणलेली रंगीत गोळी तेथे नव्हती.

आपल्याकडेही याच दिवसांत भुईमुगाच्या शेंगा घरात येतात, सीताफळे पिकतात, पेरू, केळी व पपई मिळतात, संत्री बाजारात येऊ लागतात. तेव्हा मुलांची हौस मोडण्याचे कारण नाही. सोंग घ्यायचेच तर आपापल्या नावाच्या संताचे घ्यावे. पॅरिस धर्मप्रांताने २००२ पासून असा उपक्रम चालविला असून तो आता अनेक देशांत पसरला आहे. आणि खाऊ आपल्या शेतातला असावा.

२. हैदराबादचा लाडू

हैदराबादहून हॅलोविन येतो, तसा हैदराबादहून एक लाडूही आपल्याला घेता येईल. उस्मानिया विद्यापीठाजवळ तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ही संस्था १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत सुरू झाली, १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. कुपोषित बालकांसाठी या संस्थेने घरोघरी मिळणाऱ्या चार जिनसांचे एक मिश्रण ठरवून दिले. त्याला 'हैदराबाद मिक्स' असे म्हणतात. त्याचे प्रमाण असे :

भाजलेला गहू ४० ग्रॅम
भाजलेली हरभरा डाळ १६ ग्रॅम
भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम
गूळ २० ग्रॅम

या ८६ ग्रॅम मिश्रणातून सुमारे ३३० कॅलरी उष्णता व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकातली उणीव दुसरे भरून काढते, म्हणून प्रथिने अंगी लागतात. महागड्या डब्यातल्या पिठाची गरज राहत नाही.

धर्मग्रामातील ३० मुलांसाठी हेच प्रमाण दहापट घ्यावे : गहू ४०० ग्रॅम, डाळ १६० ग्रॅम, दाणे १०० ग्रॅम, मऊ गूळ २०० ग्रॅम. भाजणे व दळणे हे काम मोठ्यांनी आदल्या दिवशीच उरकून ठेवावे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा, कारण गव्हाला वेळ अधिक लागतो आणि दाणे लवकर करपतात. प्रत्यक्ष मेळाव्याच्या वेळी चूल, शेगडी काही नको. मुलांनी फक्त पीठ, गूळ, चार-पाच चमचे तूप व बिया काढलेला मूठभर खजूर एकत्र मळून लिंबाएवढे लाडू वळायचे. साधारण ३० लाडू होतात. काही लाडू सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवले की पांढरे होतात आणि मुले त्यांना भुताचे डोके म्हणून हसत हसत खातात.

३. मुलांनी स्वतः करावयाचे पदार्थ

पुढील पदार्थांना विस्तव लागत नाही. सहा-सात वर्षांचे मूलही ते करू शकते. सुरीचे काम मात्र मोठ्यांनी करावे.

संत्र्याचा भोपळा : संत्रे सोलून अख्खे ठेवावे. वर मधोमध पुदिन्याचा देठ खोचावा. छोटा भोपळा तयार! खाताना देठ काढून टाकावा आणि लहान मुलांना फोडींतील बिया काढून द्याव्यात.

केळ्याचा संत : केळे सोलून मध्ये कापावे व अर्धे केळे ताटलीत उभे करावे. बेदाण्याचे दोन तुकडे डोळ्यांच्या जागी दाबावेत. पेरूची गोल चकती मागे टेकवली की संतांच्या डोक्यामागचे तेजोवलय झाले. ज्याला भूत करायचे असेल त्याने चकती लावू नये!

सुकी भेळ : चुरमुरे, डाळ्या, कुटलेले दाणे, बारीक चिरलेली काकडी व कांदा, वर लिंबू आणि मीठ. चुरमुरे सादळू नयेत म्हणून खायच्या वेळीच कालवावे. ज्वारीच्या लाह्या मिळाल्या तर चुरमुऱ्यांपेक्षा त्या बऱ्या.

सीताफळाचा गर : बिया काढून गर वाटीत द्यावा. बिया मोजून एका भांड्यात गोळा कराव्यात आणि लगेच दूर टाकाव्यात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते. उवा मारण्यासाठी ती डोक्याला लावण्याची चाल काही घरांत आहे, तीही सोडून द्यावी.

४. दाणा निवडताना

आता या पाठातला मुख्य मुद्दा. वरच्या दोन पदार्थांत शेंगदाणे आहेत. ते आपण कोठून आणणार? घरातूनच. आणि घरात कोणते दाणे असतात, हे प्रत्येकाने आपल्याशी प्रामाणिकपणे विचारून पाहावे. टपोरा दाणा आडतीवर जातो, कारण त्याला भाव मिळतो. उरलेला बारीक, सुरकुतलेला, डागाळलेला दाणा "घरी खायला चालतो" म्हणून डब्यात पडतो. पैशाची ओढ असते, त्यामुळे यात कोणाला दोष देऊन भागणार नाही. पण या 'चालतो'मध्ये मोठा धोका लपलेला आहे.

परतीच्या पावसात शेंग भिजली, किंवा नीट न वाळवता पोत्यात भरली, तर तिच्यावर एक बुरशी वाढते. ही बुरशी 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करते. पीक शेवटच्या दिवसांत पाण्याविना ताणले गेले तरी जमिनीतच ही बुरशी लागू शकते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची सुमारे १ लाख पिल्ले एकाएकी मेली. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीत हे विष सापडले. तेव्हापासून जगाला त्याची ओळख झाली.

आपल्या देशातील उदाहरण याहून दुःखद आहे. १९७४ च्या सुगीनंतर गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा भागातील आदिवासी गावांत काविळीसारखा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. घरची कुत्रीही आजारी पडली. ज्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा लाडू आपण वर पाहिला, तिच्याच शास्त्रज्ञांनी या आजाराचे मूळ शोधले. कापणीच्या वेळी मका पावसात भिजला होता, त्यावर बुरशी आली होती, आणि घरात दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तोच मका खाल्ला होता.

इतके मोठे संकट रोज येत नाही. परंतु हे विष थोडे थोडे पोटात जात राहिले तरी यकृताला अपाय होतो, पुढे यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. भाजल्याने ते पूर्ण जात नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. "भाजून घेतले, आता काही होत नाही" हा समज चुकीचा आहे.

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

(क) शेंगा उपटल्यावर वेलांचे जुडगे शेंगा वर करून वाळवावेत. शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे आणि बोटाने चोळताच दाण्याचे साल सुटले पाहिजे. तोवर पोते भरू नये.
(ख) फुटक्या, कीड लागलेल्या व कोवळ्या शेंगा वेगळ्या काढाव्यात.
(ग) पोती जमिनीला वा भिंतीला टेकवू नयेत. खाली फळ्या घालाव्यात.
(घ) मुलांच्या खाऊसाठीचे दाणे दिवसाउजेडी ताटात पसरून निवडावेत. काळे, हिरवट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे काढून टाकावेत. एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा.
(ङ) निवडलेला खराब दाणा कोंबड्यांना किंवा दुभत्या गाई-म्हशींना घालू नये. जनावराने खाल्लेल्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध पुन्हा आपल्याच लेकरांच्या पोटात जाते. असा दाणा पुरून टाकावा.

डोळ्यांना न दिसणारी बुरशीही असू शकते, म्हणून निवडण्यापेक्षा वाळवण्याला महत्त्व अधिक. हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने भुईमुगावर पुष्कळ काम केले असून या विषाची कमी खर्चाची चाचणीही तयार केली आहे. माल मोठा असेल तर आपल्या कृषी विज्ञान केंद्रात अशा चाचणीची चौकशी करावी.

५. विस्तव नाही, म्हणून स्वच्छता दुप्पट

शिजवलेल्या अन्नातील बरेचसे रोगजंतू उष्णतेने मरतात. विनाचुलीच्या खाऊला ही सवलत नाही. म्हणून :

मुलांनी कामाला लागण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. फळे व काकडी आधी स्वच्छ पाण्याने धुवावीत, नंतर चिरावीत. पिण्याचे पाणी उकळून गार केलेले असावे. चिरलेली फळे झाकून ठेवावीत व दोन तासांच्या आत संपवावीत. ज्याला जुलाब किंवा हाताला पिकलेली जखम आहे त्याने त्या दिवशी लाडू वळू नयेत, खाणारांत मात्र जरूर बसावे.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खा शेंगदाणा, फुटाणा किंवा बी देऊ नये. हसता-धावताना तो दाणा श्वासनलिकेत अडकून जीव गुदमरतो. त्यांच्यासाठी दाण्याचा बारीक कूटच वापरावा. सर्व मुलांनी बसूनच खावे. काही थोड्या मुलांना शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, म्हणून प्रत्येकाच्या आईला आधी विचारून घ्यावे.

माता-पित्यांनो, पूर्वसंध्येला ३० लेकरे ताटाभोवती बसली की त्यांच्यासाठी काढायचा दाणा आडतीवर पाठवण्याच्या तोडीचा असू द्या. लाडवाच्या दहापट प्रमाणाला फक्त १०० ग्रॅम दाणे लागतात. एवढ्याने कोणाची पट्टी कमी होत नाही. एकदा ही सवय लागली की वर्षभराच्या चटणीला आणि आमटीच्या कुटालाही आपण तसाच दाणा ठेवू लागू.

उजळणी (कुटुंबात बसून चर्चा करावी)

१. हैदराबाद मिक्समध्ये कोणते चार जिन्नस असतात? त्यांपैकी आपल्या शेतात कोणते पिकतात?
२. भुईमुगाच्या शेंगा पुरेशा वाळल्या हे कसे ओळखावे?
३. बुरशीचा दाणा भाजून खाल्ला तर का चालत नाही? तो गाईला का घालू नये?
४. आपल्या घरातील दाण्यांचा डबा आज उजेडात ओतून पाहावा. त्यांतील किती दाणे आपण बाजारात विकू शकलो असतो?