बत्तीस बोअरची डबी

पिंपळगाव बसवंत भागातल्या एका द्राक्ष व्यापाऱ्याने हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं म्हणून शस्त्र परवाना काढला. परवाना हाती येईपर्यंत त्यांचा अभ्यास जोरात चालू होता. कोणती गोळी अंगात शिरल्यावर फुलते, कोणती जेलीच्या ठोकळ्यात किती इंच जाते, असे अमेरिकन व्हिडिओ ते रोज बघत. दुकानात गेल्यावर विक्रेत्याने एकच डबी काउंटरवर ठेवली, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. "हीच मिळते, साहेब." अभ्यास तिथेच आटोपला.

त्या डबीतली काडतुसं पुढे कपाटातच राहिली. दर खंडेनवमीला रिव्हॉल्व्हर बाहेर निघायचं, पाटावर मांडलं जायचं. हळद-कुंकू, फूल, आणि वर सढळ हाताने तेल. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यातच खोचलेली असायची, त्यांनाही तेलाचं बोट लागायचं. नूतनीकरणाच्या सुमारास ते सरावाला गेले, तेव्हा पहिल्याच वेळी नुसता 'टक्' असा आवाज आला. त्यांनी रिव्हॉल्व्हर वळवून बघायला घेतलं, तसा शेजारी उभा असलेला निवृत्त सुभेदार ओरडला, "भाऊ, नळी समोरच राहू द्या! अर्धा मिनिट हलू नका." कधी कधी काडतुसाच्या बुडाची टोपी उशिरा पेटते आणि गोळी मागाहून सुटते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग पट्टा तपासला. पितळेच्या पुंगळ्यांवर हिरवा थर चढला होता, ताक ठेवून कळकलेल्या भांड्यासारखा. काही काडतुसं चेंबरमध्ये सरळ बसतच नव्हती.

"इतकी वर्षं भरवसा ठेवून झोपलो, तो या असल्या मालावर," असं ते आता ओळखीतल्या प्रत्येक परवानाधारकाला सांगतात. त्यांचं ऐकण्यासारखं आहे.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला काडतुसांची निवड कमी आहे आणि ती कायद्यानेच कमी केलेली आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांनुसार नऊ एमएम पॅराबेलम प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी उरतं ते प्रामुख्याने बत्तीस. गोंधळ इथेच सुरू होतो, कारण 'बत्तीस बोअर' या एका नावाखाली दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं .32 एस अँड डब्ल्यू लाँग हे 1896 चं, लांब आणि बुडाला ठळक कड असलेलं. पिस्तुलाचं .32 एसीपी जॉन ब्राउनिंगने 1899 च्या सुमारास काढलेलं, ते आखूड. (नाशिककरांना ब्राउनिंग हे नाव नवं नाही. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच होतं.) गोळ्यांची जाडी जवळपास सारखी असल्यामुळे पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधी कधी बसूनही जातं. पण त्याचा दाब जास्त असतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरशी हा खेळ करू नये. डबीवरचं पूर्ण नाव वाचावं, नळीवर कोरलेल्या नावाशी जुळवावं, मगच पैसे द्यावेत. 'बत्तीस द्या' एवढं पुरत नाही.

आता त्या फुलणाऱ्या गोळीबद्दल. तिची कुळकथा आपल्याच देशातली आहे. कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात 1890 च्या दशकात अशी गोळी बनली आणि 1899 च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली. आज अनेक देशांचे पोलीस पोकळ टोकाची गोळी वापरतात, कारण ती अंगातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी असते. 11 एप्रिल 1986 च्या मायामीतल्या चकमकीत नऊ एमएमची एक गोळी गुन्हेगाराच्या हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. त्यानंतर एफबीआयने जेलीत किमान 12 इंच शिरण्याची कसोटी लावली.

बत्तीसला हे गणित तसंच्या तसं लागू होत नाही. .32 एसीपीची गोळी सुमारे साडेचार ग्रॅमची, आणि नऊ एमएमच्या मानाने तिच्यात ऊर्जा साधारण एक तृतीयांश. एवढ्या जोरावर पोकळ टोक बऱ्याचदा फुलत नाही, आणि फुललं तर पुरेसं खोल जात नाही. शिवाय अशी काडतुसं लांबीला आखूड असली, की मॅगझिनमध्ये मागे-पुढे सरकतात, एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकते आणि पिस्तूल ऐन वेळी ठप्प होतं. म्हणजे कुणी ओळखीतून विलायती डबी आणून देतो म्हणाला, तर मोहात पडू नये. ती कायदेशीर बिलाशिवाय असेल तर गुन्हा वेगळाच. तांब्याच्या कवचाची साधी गोल टोकाची गोळी, जी आपल्या पिस्तुलातून न अडकता सुटते, ती या बोअरमध्ये जास्त कामाची. मात्र ती विटेच्या नाही तरी प्लायवुडच्या भिंतीतून सहज पार होते. बंगल्यात शेजारच्या खोलीत कोण झोपतं, हे काडतूस निवडण्याआधी बघायचं.

साठवणीचे नियम किचकट नाहीत, फक्त पाळले जात नाहीत. काडतुसं मूळ डबीत, कोरड्या जागी, कुलपात, शस्त्रापासून वेगळी. चामड्याच्या पट्ट्यात कायमची नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डात तर नाहीतच. त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळा काढायचा असेल, तर डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. पूजा जरूर करा, पण तेल शस्त्राला लावा आणि पुसून काढा. काडतुसाच्या टोपीत तेल मुरलं की ती मरते. जुना साठा सरावात संपवा, रक्षणासाठी ताजा ठेवा. खरेदीची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते, त्यामुळे सरावाचा हिशेब आधी करावा लागतो. सरावात एखादा बार नेहमीपेक्षा दबका वाजला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढचा बार नळी फोडतो.

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि गोळी पायात घुसली. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जी पद्धत होती, ती अशाच प्रसंगांसाठी. प्रवासाला निघताना भरलेलं शस्त्र इकडून तिकडे हलवण्यापेक्षा ते आधी रिकामं करणं कितीतरी सोपं.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस असलेल्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. आणि स्वसंरक्षणात झाडलेल्या गोळीलाही जाब असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कलम 37 देत नाही. पाकीट मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा स्वतःच आरोपी होतो.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. परवानाधारक गेल्यावर त्याचं शस्त्र आणि उरलेली काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वडिलांची आठवण म्हणून डबी कपाटात ठेवली, तर तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतो. जुनी, कळकलेली काडतुसं गोदावरीत टाकू नका, ठोकून उघडू नका. ठाण्यात द्या आणि पावती घ्या.